अंगणातली शाळा आणि तिची शिक्षिका



शिक्षणाच्या इतिहासाविषयी बोलताना आपण बहुधा पहिलीच्या वर्गापासून आरंभ करतो. हजेरीपटावर नाव चढले की मूल शिकू लागले, अशी आपली समजूत असते. त्यापूर्वीच्या पाच-सहा वर्षांत ते चालायला, बोलायला, मोजायला आणि चार मुलांत मिसळायला शिकलेले असते. त्याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ही वर्षे कोणाच्या हाती सोपवायची, त्या हातांना कोणते ज्ञान हवे, आणि त्या ज्ञानाचे मोल समाजाने काय द्यायचे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. एखादी मुलगी बालशिक्षणाचा अभ्यासक्रम निवडते, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघतो तो 'यातून पुढे काय?' हा. प्रश्न व्यवहाराचा आहे आणि रास्तही आहे. परंतु त्याचे उत्तर समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

लहान मुलांना सांभाळणे हे स्त्रीचे उपजत काम, त्यासाठी वेगळी विद्या कशाला, ही धारणा सर्व देशांत होती. तिला पहिला छेद दिला तो जर्मनीत फ्रोबेलने. १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे बालकांची बाग, हे नाव दिले. पुढे १९०७ मध्ये रोम शहरातील कष्टकऱ्यांच्या वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी 'बालगृह' उघडले. मूल स्वतःच्या हातांनी आणि स्वतःच्या गतीने शिकते, आणि त्याचे निरीक्षण हे शिक्षकाचे प्रथम कर्तव्य आहे, हा विचार त्यांनी प्रयोगाने सिद्ध केला. या विचारामुळे बालशिक्षिकेचे काम शास्त्राच्या पदवीला पोचले.

आपल्याकडे हा विचार रुजविला तो गिजुभाई बधेका यांनी. पेशाने ते वकील. वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये तेथे त्यांनी बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये त्यांना येऊन मिळाल्या त्या ताराबाई मोडक. ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर होत्या. विवाहानंतर त्यांचे वास्तव्य अमरावतीस झाले. अमरावती आणि आपले बालाघाट ही त्या काळी एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत. संसार विस्कटल्यावर त्या राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयात प्राचार्या झाल्या. पगार, मान आणि स्थैर्य देणारे ते पद सोडून एक उच्चशिक्षित स्त्री तीन-चार वर्षांच्या मुलांत जाऊन बसते, हे त्या काळच्या लोकांना विचित्रच वाटले असणार. ताराबाईंना मात्र त्यात शिक्षणाचा पाया दिसत होता.

१९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढला आणि शिक्षिका घडविणारे अध्यापन मंदिरही चालविले. ही जोडी ध्यानात घेण्याजोगी आहे. जेथे बालमंदिर तेथे शिक्षिकेच्या प्रशिक्षणाची सोय, हे सूत्र त्यांनी कधी सोडले नाही. मुलांवर माया असणे पुरेसे नाही, ती माया जाणती हवी, हा त्यांचा आग्रह होता. बालशिक्षण हा व्यवसाय म्हणून आपल्याकडे उभा राहिला तो या आग्रहामुळे.

परंतु दादर हे शहर होते, आणि माँटेसरीची साधने महाग होती. खेड्यातल्या मुलांचे काय, हा प्रश्न स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये ताराबाई ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डी या गावी गेल्या आणि तेथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू झाले. त्यांच्यासोबत होत्या अनुताई वाघ. अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला आणि सहा महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या; मॅट्रिक झाल्या त्या १९३७ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आणि पदवी मिळविली ती पन्नाशी ओलांडल्यावर.

बोर्डीत बालवाडी उघडली. पण दलित वस्तीतील मुले तिच्यात येईनात. तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेण्यात आली. हीच ती 'अंगणवाडी'. लाकडी साधनांच्या जागी बिया, शिंपले, खडे, पाने आणि काड्या आल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. तेथे असे आढळले की, मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. आणि गुरे राखणारा मुलगा येत नाही, कारण गुरे सोडून येता येत नाही. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात घेणारी 'विकासवाडी' जन्मास आली; आणि गुरे चरतात त्या माळावरच शिकविणारी 'कुरणशाळा' निघाली.

हा इतिहास वैनगंगेच्या खोऱ्यात राहणाऱ्यांना परका वाटण्याचे कारण नाही. वारासिवनी, कटंगी, लांजी या धानाच्या मुलखात रोवणीच्या दिवसांत आई चिखलात उभी असते आणि धाकटे मूल मोठ्या मुलीच्या कडेवर असते. घाटावरच्या बैहर भागात गोंड आणि बैगा वस्त्या आहेत. जिल्ह्यात घरोघरी कोठे मराठी, कोठे पोवारी, कोठे गोंडी बोलली जाते, आणि शाळेचे पुस्तक हिंदीत असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांतरचना बदलली, विदर्भ वेगळ्या राज्यात गेला, बालाघाट मध्यप्रदेशात राहिले. मुलाच्या ओठांवरची बोली मात्र राजपत्राने बदलत नाही. घरची भाषा आणि शाळेची भाषा यांच्यामधला सेतू बांधण्याचे वय तीन ते सहा हेच असते. तो बांधणारी व्यक्ती पहिलीच्या वर्गात भेटून उपयोगाची नाही, ती त्याच्या आधी भेटावी लागते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने देशातील ३३ गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्राचे नाव ठरले 'अंगणवाडी'. बोर्डीच्या अंगणातला शब्द देशभर गेला. ताराबाई हे पाहण्यास नव्हत्या, १९७३ मध्येच त्यांचे निधन झाले होते. शब्द गेला, परंतु त्यामागचे सूत्र तितके गेले नाही. योजनेच्या सहा सेवांत पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, पोषण-आरोग्यशिक्षण यांच्याबरोबर पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक सेवा होती. कुपोषणाशी झुंजणाऱ्या देशात आहाराला अग्रक्रम मिळाला, हे योग्यच झाले. पण वजने, नोंदवह्या आणि सर्वेक्षणे यांच्या ओझ्याखाली शिकविण्याचा तास सर्वांत आधी आकसला. आणि सेविकेला वेतन नव्हे, मानधन मिळू लागले. कार्य शिक्षिकेचे, दर्जा स्वयंसेविकेचा, अशी ही विषम व्यवस्था होती.

कायद्यानेही या वयाला उंबऱ्याबाहेर ठेवले. मूळ संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांचा उल्लेख होता. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या शिक्षणाला मूलभूत हक्क केले. सहा वर्षांखालील मूल मार्गदर्शक तत्त्वांतच राहिले. मुलाचा हक्क दुय्यम ठरला, तशी त्याच्या शिक्षिकेची प्रतिष्ठाही दुय्यम ठरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका शासकीय पद धारण करीत नाहीत असा निर्णय दिला. एप्रिल २०२२ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात सेविका व मदतनीस यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, कायदा लागू होतो असे ठरविले, आणि अंगणवाडीत शिक्षणाचे काम चालते याचीही दखल घेतली. योजना सुरू झाल्यापासून सुमारे सत्तेचाळीस वर्षांनी हे घडले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आज बालशिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यास वाटा पुष्कळ आहेत. पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे, गृहविज्ञान महाविद्यालयांतून मानवविकास या विषयाची पदवी व पदव्युत्तर पदवी मिळते, इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम घरी राहूनही करता येतो. त्यातून बालवाडी-शिक्षिका होता येते. स्पर्धापरीक्षेने पर्यवेक्षिका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी होता येते, आणि पर्यवेक्षिकेच्या काही जागा अनुभवी सेविकांसाठी असतात. विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षण, अध्यापक-प्रशिक्षण, बालसाहित्य, खेळणी व शैक्षणिक साधनांची निर्मिती, संशोधन ही क्षेत्रेही आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही वर्षे शिक्षणाचा पायाभूत टप्पा म्हणून मान्य केली, आणि बारावी उत्तीर्ण सेविकांसाठी सहा महिन्यांचा, त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा प्रशिक्षणक्रम सुचविला. ताराबाईंचे सूत्र असे फिरून धोरणाच्या पानावर आले आहे.

तरीही ही यादी वाचून समाधान मानणे बरोबर होणार नाही. वरच्या पदांना वेतनश्रेणी आहे. जी प्रत्यक्ष मुलाजवळ बसते, तिच्याच वाट्याला मानधन येते. मुलापासून जितके दूर, तितका दर्जा मोठा, हा या क्षेत्राचा उलटा न्याय आहे. ताराबाई प्राचार्यपद सोडून मुलांजवळ आल्या. आपली व्यवस्था हुशार शिक्षिकेला मुलांपासून वर नेण्यालाच प्रगती म्हणते. हा न्याय बदलत नाही तोवर 'यातून पुढे काय?' या प्रश्नाचे उत्तर अपुरेच राहील, आणि ते अपुरे ठेवण्याचा दोष त्या मुलीकडे जाणार नाही, आपल्याकडे येईल.

आपण माजी विद्यार्थी आज पालक आहात, पंचायतीत आहात, शाळांच्या समित्यांवर आहात. आपल्या गावच्या अंगणवाडीत एकदा जावे आणि तेथील ताईंना एवढेच विचारावे की, दिवसातून किती वेळ त्यांना निव्वळ मुलांसोबत बसता येते. त्या जे सांगतील, त्याचा विषय पुढच्या ग्रामसभेत मांडावा. ज्या गुरुजनांच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या वर्गात आपण येण्यापूर्वी कोणीतरी आपल्याला बोलायला आणि ऐकायला शिकविलेले होते. त्या अनामिक पहिल्या शिक्षिकेचे ऋण मान्य करणे, हेही गुरुस्मरणच आहे.