सा. न. वि. वि.

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर मुंबईच्या काकांनी एका जुन्या पोस्टकार्डाचा फोटो टाकला. १९६८ सालचं कार्ड. लिहिणारे माझे आजोबा, आणि ज्यांना लिहिलं ते त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे या काकांचे वडील. सुरुवातच अशी: "ती. स्व. दादांस, सा. न. वि. वि."

मला काही कळेना. बाबांना फोन केला, "हा काय कोड आहे?"

"तीर्थस्वरूप दादांस, साष्टांग नमस्कार विनंती विशेष," बाबा म्हणाले. "तुमचं ते एलओएल असतं ना, तसंच." हसले, पण फारसं नाही. कारण ते कार्ड काकांनी आठवणी काढायला टाकलेलं नव्हतं. गावच्या सामाईक विहिरीच्या पाण्यावरून गेलं वर्षभर दोघांत धुसफूस चालू आहे. त्याबद्दल पुढे सांगतोच.

तर मुद्दा असा की "मेसेजमुळे भाषा बिघडली" असं ज्या पिढीकडून आपण ऐकतो, तिची औपचारिक पत्रंसुद्धा शॉर्टफॉर्मनेच सुरू व्हायची! सख्खे आई-वडील 'ती. रू.', त्यांच्या जागी असलेले वडीलधारे 'ती. स्व.', लहान असेल तर 'चि.', आणि शेवटी 'क. लो. अ.', म्हणजे कळावे, लोभ असावा.

त्याच्याही मागे जा. आपल्याकडे शतकानुशतकं दोन लिपी शेजारी शेजारी नांदत होत्या. पोथ्या बाळबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत. पत्रं, हिशेब, दरबारी कामकाज मात्र मोडीत. मोडी का? तर हात भराभर चालावा म्हणून. लेखणी फारशी उचलायची नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करायची नाही. थोडक्यात, तेव्हाचं चॅटिंगच म्हणा ना! पुढे तार आली. तिथे शब्दाला पैसे, त्यामुळे क्रियापदंसुद्धा गाळायची. ती सेवा आपल्याकडे जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. १९८५ च्या सुमाराला फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाच्या जर्मन इंजिनियरने टाइपरायटरवर सहज सुचतील ती वाक्यं लिहून अक्षरं मोजली आणि १६० पुरेत असं ठरवलं. पहिला एसएमएस गेला ३ डिसेंबर १९९२ ला, इंग्लंडमध्ये. त्यात होत्या फक्त नाताळच्या शुभेच्छा. एका एसएमएसमध्ये १४० बाइट्स मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट्स, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीला मात्र १६ बिट्स, म्हणजे फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. 'विद्यार्थ्यांच्या' हा एकच शब्द १७ जागा खातो! मग आपण मुकाट्याने रोमन लिपीत मराठी टाइप करायला लागलो, जिथे बाळ, बाल, बळ आणि बल या चौघांचं स्पेलिंग एकच. तरी गाडी अडली नाही, कारण वाचणाऱ्याला संदर्भ ठाऊक असायचा.

मला वाटतं, खरी मेख या संदर्भात आहे. पानिपतच्या १७६१ च्या पराभवाची बातमी पेशव्यांना एका सांकेतिक पत्रातून कळली असं सांगतात. मजकूर इतकाच की दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि चांदी-तांब्याची तर मोजदादच नाही. ज्याला कळायचं त्याला एका ओळीत सगळं कळलं. पण संदर्भ नसलेल्या माणसाने तेच वाचलं तर? त्याला वाटेल कुणा सावकाराचं नुकसान झालं! आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले गठ्ठे, आहेत, आणि ते वाचता येणारी माणसं मोजकी.

असो. आता विहीर. गेल्या वर्षी मोटर बदलली तेव्हा खर्च आणि पाण्याच्या पाळ्या बाबांनी आणि काकांनी व्हॉट्सॲपवर ठरवल्या. ते संभाषण मी स्वतः वाचलंय. "मग आधीसारखंच ना?" "हो." आणि एक अंगठा. बस्स! 'आधीसारखं' म्हणजे काय? बाबांच्या मते गेली वीस वर्षं आम्ही आठवडाभर पाणी घेतो तसं. काकांच्या मते त्यांच्या वडिलांच्या वेळी होतं तसं. दोघंही खोटं बोलत नव्हते.

आणि आजोबांचं कार्ड? नमस्कार दोन-दोन अक्षरांत उरकलाय, पण पाण्याचा मजकूर पूर्ण वाक्यांत. सर्व्हे नंबर. इंजिनचा खर्च निम्मा-निम्मा. सोमवार ते बुधवार आमची पाळी, गुरुवार ते शनिवार दादांची, रविवारी ज्याला गरज असेल त्याने घ्यावं. "पुढे मुलांत वाद नको म्हणून लिहून ठेवतो." खाली तारीख, सही.

मला ते वाचताना जरा लाजच वाटली. आजोबांना कुठे आखडायचं आणि कुठे नाही हे पक्कं माहीत होतं. नमस्कार दादांना कळणारच होता. पाळ्या मात्र अशा माणसाला कळायला हव्या होत्या जो तेव्हा जन्मलाही नव्हता. म्हणजे मला.

बाबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अक्षर आप्पांचंच आहे. काय बोलणार?" गेल्या रविवारी मी लॅपटॉपवर एक पानभर मजकूर टाइप केला. देवनागरीत, गट नंबर, वार, खर्च, सगळं सविस्तर. काका गावी आले, दोघांनी सह्या केल्या, चहा झाला. गुरुवारपासून पाणी त्यांच्या उसाला जातंय आणि आमच्या मक्याला आता तीनच दिवस मिळतात.

ग्रुपवर मी त्या कागदाचा फोटो टाकला. काकांचं उत्तर आलं, नुसता अंगठा. यावेळी तेवढा पुरला.

क. लो. अ.