सोलापुरी चादर-टॉवेल उद्योगातील पुरवठादार निवड

सोलापूर येथील यंत्रमाग कारखानदार सूत, रंग व रंगाई यांसाठी ज्यांच्यावर अवलंबून असतात, त्यांची पारख, निवड आणि त्यांच्या मालाची वेळोवेळी होणारी तपासणी यांचा विचार या लेखात केला आहे. चादर विणणारा कारखानदार बहुधा स्वतः सूत कातत नाही. पुष्कळदा ते रंगवतही नाही. त्यामुळे चादरीची प्रत बरीचशी मागावर सूत चढण्यापूर्वीच ठरलेली असते.

पार्श्वभूमी

'जुनी गिरणी' म्हणून ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. अशा गिरण्यांत कातण्यापासून विणण्यापर्यंतची कामे एकाच छताखाली होत. गिरण्या बंद पडल्या आणि यंत्रमाग उरले, तेव्हा हीच कामे अनेक हातांत विभागली गेली. सोलापुरी चादर व टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मात्र मानांकन नावाचे रक्षण करते, गोणीतल्या सुताचे नव्हे.

सूत

एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी भरतात, तो सुताचा काउंट. काउंटबरोबर ताकद, पीळ व समानता तपासावी लागते. जाड-बारीक सुताने कापडावर आडवे पट्टे उमटतात. दोन वेगळ्या लॉटचे सूत मिसळले तर ते रंग कमी-अधिक शोषते आणि दोष विणून झाल्यावर दिसतो.

ओलावा ही सर्वांत सहज नजरेआड होणारी बाब होय. कापसाच्या सुतात कोरड्या वजनाच्या ८.५ टक्के ओलावा प्रमाण मानतात. ५० किलोच्या गोणीत तो १०.५ टक्के असेल, तर प्रमाणित वजनाने सूत सुमारे ४९.१ किलोच भरते. किलोमागे दोन-तीन रुपये स्वस्त वाटणारा व्यवहार येथे महाग पडू शकतो.

रंग

सोलापुरी चादरीची ख्याती पक्क्या रंगाची आहे. सूत आधी रंगवून मग विणले जात असल्याने कच्च्या रंगाचा दोष बहुधा ग्राहकाच्या घरी, पहिल्या धुण्यात उघडा पडतो. रंगाचा पक्केपणा १ ते ५ या श्रेणीत मोजतात; ५ सर्वोत्तम. निर्यातीच्या टॉवेलांबाबत रासायनिक अटीही असतात. कर्करोगकारक अमाइने सोडू शकणाऱ्या काही अ‍ॅझो रंगांवर भारताने १९९७ मध्ये बंदी घातली. युरोपातही तसे निर्बंध आहेत. विक्रेत्याने दाखविलेले प्रमाणपत्र नमुन्याचे असते, प्रत्यक्ष आलेल्या डब्याचे असेलच असे नाही.

दर आणि उधारी

केवळ दर पाहून खरेदी करू नये, पुरवठादाराशी विश्वासाचा दीर्घ संबंध ठेवावा, असे अमेरिकी गुणवत्तातज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी सांगितले. आयएसओ ९००१ हे मानकही पुरवठादारांचे मूल्यमापन व पुनर्मूल्यमापन अपेक्षिते. लहान यंत्रमागधारकाचा सूत-व्यापाऱ्याशी असा दीर्घ संबंध अनेकदा असतोच. पण तो विश्वासापेक्षा उधारीने बांधलेला असतो. ज्याचे देणे थकले आहे, त्याच्या गोणीत खोट काढणे सोपे नसते. म्हणूनच गुणवत्तेचा प्रश्न येथे खेळत्या भांडवलापासून वेगळा करता येत नाही. काही कारखानदारांनी एकत्र येऊन सूत घेतले, तर रोखीचा दर व तपासणीचा खर्च दोन्ही विभागता येतात.

एकट्या कारखानदारालाही नोंदवही ठेवता येते : पुरवठादार, लॉट क्रमांक, गोणीचे प्रत्यक्ष वजन, तुटणाऱ्या धाग्यांचे प्रमाण आणि परत आलेला माल. प्रत्येक लॉटची एक लडी त्याच क्रमांकाची चिठ्ठी बांधून माल विकला जाईपर्यंत जपून ठेवली, तर तक्रार आल्यावर दोष सुताचा, रंगाचा की मागाचा, हे तपासता येते.