कुलूप आणि उघडी विद्या

कुलूप ही घरोघरची इतकी परिचित वस्तू आहे, की तिला काही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. कडी-कोयंड्याला कुलूप घालावे, ते एकदा ओढून पाहावे आणि निर्धास्तपणे गावाला जावे, एवढाच आपला तिच्याशी संबंध. परंतु हा निर्धास्तपणा नेमका कशावर उभा असतो? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमध्ये हा प्रश्न चारचौघांत विचारला गेला. त्याचे जे उत्तर मिळाले, ते ग्रंथालयाशी नाते सांगणाऱ्या वाचकाने अवश्य जाणून घ्यावे असे आहे.

अठराव्या शतकापर्यंत युरोपातील बहुतेक कुलपांची भिस्त आतील स्थिर अडथळ्यांवर असे. त्या अडथळ्यांना चुकवतील अशा खाचा किल्लीच्या पात्याला पाडलेल्या असत. पात्याचा बराचसा भाग कानशीने घासून टाकला, की उरलेल्या सडपातळ किल्लीने अशी अनेक कुलपे उघडत. १७७८ मध्ये रॉबर्ट बॅरन याने कुलपात हलत्या तरफा बसविल्या. तरफ नेमक्या उंचीपर्यंतच उचलली गेली पाहिजे. कमी उचलली तर कुलूप अडते आणि जास्त उचलली तरीही अडते. आज आपण दुकानात ‘किती लिव्हरचे?’ असे विचारतो, त्या लिव्हरचा उगम या कल्पनेत आहे.

पुढे १७८४ मध्ये जोसेफ ब्रॅमा याने निराळीच रचना सिद्ध केली. त्याची किल्ली नळीसारखी असून तिच्या टोकाला कमी-अधिक खोलीच्या खाचा होत्या. ती आत दाबली म्हणजे कुलपातील प्रत्येक सरकती पट्टी आपापल्या ठरलेल्या खोलीपर्यंत जाई, आणि मगच किल्ली फिरे. या कामाला विलक्षण काटेकोरपणा हवा होता. त्यासाठी लागणारी यंत्रे घडविण्यात हेन्री मॉड्स्ली या तरुण कारागिराचा मोठा वाटा होता. यंत्रे घडविणाऱ्या यंत्रांच्या इतिहासात पुढे त्याचे नाव अग्रगण्य ठरले. ब्रॅमाच्या पिकॅडिलीवरील दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडलेले असे. ते उघडू शकेल असे साधन करून दाखविणाऱ्या कारागिरास २०० गिनी देण्याचे आव्हान त्यासोबत होते. अर्धशतकाहून अधिक काळ ते आव्हान अजिंक्य राहिले.

१८१८ मध्ये जेरेमाया चब याने आणखी एक युक्ती योजली. कोणी भलत्या किल्लीने खटपट केली आणि तरफ प्रमाणाबाहेर उचलली गेली, की ती तशीच अडकून बसे. पुढे मालकाने खरी किल्ली लावली म्हणजे ती लगेच फिरत नसे. कुलूप जणू झाल्या प्रकाराची चुगलीच करी. ब्रॅमा आणि चब ही दोन नावे उच्चारली, की इंग्रज गृहस्थाला निश्चिंत झोप येई.

ही झोप मोडली १८५१ मध्ये. हाइड पार्कमधील क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या भव्य प्रदर्शनासाठी आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज हा अमेरिकन कुलूपतज्ज्ञ लंडनला आला होता. त्याने साक्षीदारांसमक्ष चबचे कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले. नंतर पंचांच्या देखरेखीखाली त्याने ब्रॅमाचे कुलूप हाती घेतले. १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खपल्यावर तेही उघडले आणि २०० गिनी त्याला मिळाल्या. यात जादू नव्हती. अडसरावर सतत हलका दाब ठेवावा, कोणता भाग अडतो ते बोटांना जाणवू द्यावे, आणि तेवढा नेमका सरकवून पुढच्याकडे वळावे, अशी ही चिकाटीची विद्या होती.

लोकांमध्ये खळबळ उडाली. अशा गोष्टी उघड केल्याने चोरांना आयती शिकवणी मिळते, असा आक्षेप पुढे आला. १८५३ मध्ये चार्ल्स टॉमलिन्सन याने संपादित केलेले कुलपांच्या रचनेवरील पुस्तक एका स्वस्त ग्रंथमालेत निघाले, आणि त्यात या आक्षेपाला सडेतोड उत्तर होते. चोर आपल्या धंद्यात मुळातच तरबेज असतात. अज्ञानात राहतो तो कुलूप विकत घेणारा सरळ माणूस. म्हणून दोष झाकल्याने लाभ चोराचाच होतो, असा त्याचा आशय.

पुढील इतिहासाने या मताला दुजोरा दिला. जुन्या कारखानदारांना आपल्या कुलपांत सुधारणा कराव्या लागल्या. हॉब्ज ज्या अमेरिकन कुलपाची थोरवी गात आला होता, तेही लायनस येल (धाकटा) याने उघडून दाखविले. प्राचीन इजिप्तमधील लाकडी कुलपांत खुंट्या वापरलेल्या असत. तेच तत्त्व येलने धातूच्या लहानशा नळकांड्यात बसविले आणि १८६१ व १८६५ मध्ये त्याची पेटंटे घेतली. आज असंख्य दारांना असलेली चपटी, दातेरी किल्ली ही त्याचीच देणगी होय. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपे बनविण्यास आरंभ केला, तेव्हा या कलेच्या पाठीशी शतकभराची अशी उघड झुंज उभी होती.

या इतिहासाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. इंग्लंडमधील विलेनहॉल हे कुलूपकारांचे गाव. तेथील कारागीर लहान वयापासून शेगड्यावर वाकून कानस चालवीत. त्यामुळे अनेकांच्या पाठीला कायमचा बाक येई आणि गावाला कुबड्यांचा परगणा म्हणून हिणवले जाई. यंत्रयुग आले तसा त्यांच्या हातकसबाचा भाव उतरत गेला. पेटंटांवर त्यांची नावे नाहीत. सुरक्षिततेची किंमत मात्र त्यांच्या पाठीने मोजली.

आपल्याकडे ‘विद्या दिल्याने वाढते’ असे म्हणतात, आणि त्याच तोंडाने हातचे राखून शिकवण्याची परंपराही जपतात. कित्येक कारागिरांची आणि वैद्यांची विद्या त्यांच्याबरोबरच गेली, ती या राखण्यापायी. शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या संस्थेला कुलूप लागतेच. वाळवी, पाऊस आणि विसराळू वाचक यांच्यापासून पुस्तकाचे रक्षण झालेच पाहिजे. पण ते रक्षण कपाट उघडण्यासाठी आहे, याचे भान ज्या ग्रंथपालांनी राखले, त्यांच्या कमरेच्या जुडग्याला या शताब्दीनिमित्त वंदन करावेसे वाटते.