मद्यविकार : मदत घेण्यातील पिढीभेद व लिंगभेद

दारूच्या आहारी गेलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणारे फार थोडे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीत अशा दर ३८ जणांमागे एकालाच कुठलीतरी मदत मिळाल्याचे आढळले. जे येतात, त्यांतही बहुतेक पुरुष. आणि त्यांना घेऊन येते ती घरातली बाई.

रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा तालुक्याचेच पाहा : तिथे ग्रामीण रुग्णालय आहे, पण मानसोपचारासाठी नाव निघते ते रत्नागिरीच्या १८८६ पासूनच्या मनोरुग्णालयाचे. 'वेड्यांचे इस्पितळ' हा शिक्का त्याला बसलेला, म्हणून दारुड्यालाही तिथे न्यायला घरचे कचरतात. थोरल्या पिढीचे उपाय वेगळे : ग्रामदेवतेला गाऱ्हाणे, शपथ, गळ्यात माळ. माळ घालून सुटलेली माणसे कोकणात गावोगाव दाखवता येतील, त्यामुळे या वाटेला अंधश्रद्धा म्हणून झटकणे बरोबर नाही. मात्र रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली की झटके, भ्रम येऊ शकतात, तिथे डॉक्टरच हवा. तरुणाला आपला प्रश्न प्रश्न वाटतच नाही, 'शनिवार-रविवारीच घेतो' म्हणतो. त्याला १४४४६ या मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर नाव न सांगता बोलणे त्यामानाने सोपे.

बायका मदत मागतात, पण दुसऱ्यासाठी. गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीला, कौल दिला की दारूदुकान बंद, ही महाराष्ट्रातील तरतूद त्याच मागणीतून आली. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट चालतो.

स्वतः पिणारी बाई मात्र दिसतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रात दारू पिणारे पुरुष १३.९ टक्के, तर स्त्रिया ०.४ टक्के. आकडा लहान, लाज मोठी : नवरा प्याला तर घर सावरून घेते, बाई प्याली तर तिला माहेरी पाठवतात. शरीरातील पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढीच दारू तिला जास्त बाधते. मुक्तांगणाने स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढला, तो याच गरजेपोटी.

शेजारच्या गोव्यात 'संगथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतच समुपदेशन देण्याची चाचणी घेतली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे होती, आणि भेटी जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनंतर, समुपदेशन मिळालेल्यांत शेवटच्या दोन आठवड्यांत दारूला न शिवलेले ४२ टक्के निघाले. नेहमीच्या उपचारगटात १८. अशी सोय लांज्यासारख्या तालुक्याला परवडणारी आहे. पण त्या चाचणीत सगळे पुरुषच होते.