डांबरी वाटेचा इतिहास

फाटकापासून मोटारखान्यापर्यंतची वाट डांबरी करून घेतली, कीं घरधनी कांहीं दिवस मोठ्या समाधानांत असतो. धूळ गेली, चिखल गेला, मोटारीचीं चाकें आवाज न करतां आंत येऊं लागलीं. दोन पावसाळे असे जातात. मग एके सकाळीं फाटकाजवळ केसासारखी बारीक भेग दिसते, आणि तिसऱ्या पावसाळ्यांत तेथें खळगा पडतो. दोष प्रथम डांबराला मिळतो आणि त्याच्या खालोखाल कंत्राटदाराला. हे दोघे नेहमींच निर्दोष असतात असें नाहीं; परंतु रस्ते बांधणाऱ्यांचा गेल्या दोनशें वर्षांचा अनुभव पाहिला, तर खरा आरोपी निराळाच निघतो. तो आरोपी म्हणजे पाणी. डांबरी वाटेचा इतिहास हा मुख्यतः पाण्याला दूर ठेवण्याच्या खटपटीचा इतिहास आहे.

या खटपटीचा आरंभ रस्त्यांपासून झालेला नाहीं. मोहेंजोदडो येथील प्रसिद्ध स्नानकुंडाच्या भिंतींत विटांच्या मागें खनिज डांबराचा थर दिलेला सांपडला. तो सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींचा आहे, आणि कुंडांतील पाणी झिरपून जाऊं नये हाच त्याचा हेतु होता. इ. स. पूर्वींच्या सहाव्या शतकांत बाबिलोनचा राजा नेबुखद्नेझर यानें आपल्या मिरवणुकीच्या राजमार्गाचें काम करवून घेतलें, त्यांतही विटा याच द्रव्यानें सांधलेल्या होत्या. म्हणजे डांबराचे जे गुण माणसानें आधीं ओळखले, ते पाणी अडविण्याचे आणि चिकटून राहण्याचे. भार वाहण्याचा नव्हे. त्यानंतर मात्र रस्त्यांच्या कामांत हें द्रव्य शतकानुशतकें मागें पडलें.

अर्वाचीन रस्त्याचा खरा धडा घालून दिला तो जॉन लाउडन मॅकॅडम या स्कॉटिश गृहस्थानें. याचें नांव काढलें कीं आज डांबर आठवतें. परंतु त्याच्या पद्धतींत डांबर मुळींच नव्हतें. गंमत अशी, कीं दगडी कोळशापासून डांबर काढण्याच्या धंद्याशीं त्याचा पूर्वीं संबंध आलेला होता, आणि तरीही रस्त्याच्या कामीं त्यानें तें वापरलें नाहीं. १८१६ सालीं ब्रिस्टल येथील रस्त्यांचा तो अधिकारी झाला. त्या काळीं समजूत अशी होती, कीं रस्ता बळकट व्हावयाचा तर तळाशीं मोठमोठे दगड रचले पाहिजेत. टेलफर्डसारखा नामांकित इंजिनिअरही याच मताचा होता. मॅकॅडमनें उलट सांगितलें. त्याच्या मतें भार दगड वाहत नाहींत, खालची जमीन वाहते. ती कोरडी असेल तर कोणताही भार सहन करील आणि ओली झाली तर कितीही दगड घातले तरी खचेल. म्हणून रस्त्याचें पहिलें काम म्हणजे जमिनीवर छप्पर घालणें.

हें छप्पर त्यानें बारीक फोडलेल्या खडीचें केलें. एकाही दगडाचें वजन ६ औंसांहून अधिक नसावें असा त्याचा दंडक होता. तासलेल्या कडांची ही खडी वाहनांच्या चाकांखालीं एकमेकींत अडकून घट्ट बसे. ३० फूट रुंदीच्या रस्त्याला मध्यभागीं अवघी ३ इंच उंची त्याला पुरेशी वाटे. मात्र बाजूच्या चरांतील पाणी रस्त्याच्या तळापेक्षां खालच्या पातळीवर राहिलेंच पाहिजे, याविषयीं तो काटेकोर होता. उतार, चर आणि कोरडा तळ, या तीन गोष्टींवर त्याची सारी विद्या उभी होती.

इकडे डांबर दुसऱ्याच मार्गानें रस्त्यावर येत होतें. स्वित्झर्लंडमधील वाल द त्राव्हेर या दरींत डांबरमिश्रित चुनखडक सांपडतो. तो वाहून नेणाऱ्या गाड्यांतून सांडलेले तुकडे चाकांखालीं चिरडून गुळगुळीत, टणक होतात, हें १८४९ सालीं आंद्रेआस मेरियान या स्विस इंजिनिअरच्या ध्यानांत आलें. त्यांतून दाबून बसविलेल्या अस्फाल्टच्या रस्त्याची कल्पना निघाली, आणि १८५४ मध्यें पॅरिसमध्यें असा रस्ता झाला. पुढें १८७० सालीं एदुआर द स्मेट या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञानें अमेरिकेंतील न्यूअर्क शहराच्या नगरगृहासमोर डांबर व वाळू यांच्या मिश्रणाचा रस्ता केला. १८७६ मध्यें वॉशिंग्टनचा पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यू हा राजरस्ता डांबरी करण्यास आरंभ झाला. त्या कामीं त्रिनिदाद बेटावरील डांबराच्या तलावांतून माल आणला होता.

तरीही हें प्रकरण शहरांपुरतेंच राहिलें असतें. तें सर्वत्र नेलें मोटारीनें. घोड्यांच्या गाड्यांची लोखंडी धाव खडी चिरडी आणि तिचीच बारूद पाण्यासह सांधे भरून काढी. मोटारीचीं वेगवान रबरी चाकें ती बारूद ओढून हवेंत उधळूं लागलीं. खडी उघडी पडली आणि काठच्या घरांत धुळीचे लोट शिरूं लागले. १९०२ सालीं मोनॅको येथें डॉ. गुग्लिएल्मिनेत्ती या स्विस वैद्यानें धुळीवर उपाय म्हणून रस्त्यावर डांबराचा लेप देऊन पाहिला. लोकांनीं त्याला ‘डॉक्टर डांबर’ असें नांवच पाडलें. त्याच वर्षीं इंग्लंडमध्यें एडगर हूली यानें डांबर व धातूच्या भट्टींतील मळी यांच्या मिश्रणाचें पेटंट घेतलें. मॅकॅडमच्या नांवाशीं डांबर जोडलें गेलें तें येथें, त्याच्या मृत्यूनंतर सहासष्ट वर्षांनीं.

हिंदुस्थानांतही मोटारींनीं जुने खडीचे रस्ते उखडूं लागले, तेव्हां १९२७ सालीं सरकारनें एक समिति नेमली. मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर तिचे अध्यक्ष होते. हेच पुढें पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले. रस्त्यांचा बोजा एकट्या स्थानिक संस्थांना झेपणारा नाहीं, हें समितीनें स्पष्ट सांगितलें. तिच्या शिफारशींतून १९२९ मध्यें पेट्रोलवरील जादा कराचा रस्ते-निधि आणि १९३४ मध्यें इंडियन रोड्स काँग्रेस ही इंजिनिअरांची संस्था निघाली.

घरगुती डांबरी वाटेचा मोठा प्रसार झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत. तेथें शहरांबाहेर बंगल्यांच्या वस्त्या वाढल्या आणि घरटी मोटार आली. या छोट्या वाटांच्या कामांत जुना धडाच पुन्हां गिरवावा लागला. आधीं मऊ माती आणि मुळें काढून जमीन ठोकून घ्यावयाची. तीवर ६ ते ८ इंच खडी थराथरानें दाबावयाची. घराच्या भिंतीपासून दूर, दर फुटास पाव इंच असा उतार द्यावयाचा. त्यानंतर सुमारें १५० अंश उष्णतेचें मिश्रण पसरून, तें निवण्यापूर्वीं रोलर फिरवून २ ते ३ इंचांचा थर करावयाचा. सारें काम पाहिलें तर डोळ्यांना दिसणारा काळा थर हा त्यांतील सर्वांत लहान भाग असतो.

हा थरही जिवंत वस्तूप्रमाणें म्हातारा होतो. ऊन आणि हवा लागून डांबर कडक व ठिसूळ बनतें, काळा रंग राखी होतो, आणि भेगा पडतात. थंड देशांत भेगेंत शिरलेलें पाणी गोठून फुगतें आणि खडी उचकटतें. आपल्याकडे गोठण्याचें भय नाहीं. पण काळ्या मातीच्या मुलखांत तीच माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत आकसते, आणि परिणाम तोच होतो. म्हणून एकेरी भेग दिसतांच ती साफ करून, कोरडी करून डांबरानें बुजवावी. खळगा पडल्यास त्यांत नुसता माल ओतून फावड्यानें थोपटूं नये. कडा उभ्या कापून, सुटी खडी व पाणी काढून, आंतून डांबराचा पातळ हात द्यावा आणि थराथरानें धुमसानें ठोकावें. सुसरीच्या पाठीसारख्या चौकटींच्या भेगा पडल्या, तर मात्र वरच्या मलमपट्टीचा उपयोग नाहीं. तेथें तळच खचला आहे असें समजून तो भाग खणून काढला पाहिजे.

काळा लेप देऊन वाट नवी दिसूं लागते, या मोहाविषयींही सावध राहणें जरूर आहे. मराठींत डांबर हा एकच शब्द दोन द्रव्यांना लागतो: एक खनिज तेलाचें बिट्युमेन, दुसरें दगडी कोळशाचें डांबर. या दुसऱ्याच्या लेपांतील विषारी द्रव्यें झिजून धुळींत व ओढ्यांत उतरतात असें आढळल्यानें, अमेरिकेंतील ऑस्टिन शहरानें २००६ पासून आणि वॉशिंग्टन राज्यानें २०११ सालीं त्यावर बंदी घातली. लेप द्यावयाचाच तर तो कशाचा आहे हें विचारून, पहिलें वर्ष जाऊं देऊन, आणि पुढें तीन-चार वर्षांनीं द्यावा. भेगा न बुजवितां दिलेला लेप म्हणजे फाटक्या छत्रीला दिलेला रंग.

दोनशें वर्षांत खडीवर काय घालावें याविषयीं मतें अनेकदां बदललीं. खालीं पाणी जाऊं देऊं नये, हें एक मत बदललें नाहीं. पावसाळ्यापूर्वीं चर मोकळा करणें आणि भेग बुजविणें यास घरच्या माणसाची एक दुपार पुरते. ती दुपार टाळली, तर खचलेल्या तळासाठीं सारी वाट पुन्हां बांधावी लागते.