मनोरुग्णांसाठी ठामपणाचे प्रशिक्षण

मनोरुग्णालयात कोणालाही त्रास न देणारा रुग्ण हा 'सुधारलेला' रुग्ण, अशी समजूत सहज रुजते. वेळेवर जेवणारा, न विचारता गोळ्या घेणारा आणि काहीही न मागणारा रुग्ण सर्वांनाच सोयीचा असतो. मात्र हा गप्पपणा बरे होण्याचे लक्षण असेलच असे नाही. उदासीनता, पुढाकाराचा अभाव आणि निमूट आज्ञापालन हे संस्थेतील दीर्घ वास्तव्याचे दुष्परिणाम असू शकतात, असे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ रसेल बार्टन यांनी १९५९ मध्ये 'इन्स्टिट्यूशनल न्यूरोसिस' या पुस्तकात मांडले. अशा रुग्णांना हरवलेला आवाज परत मिळवून देण्याचा एक मार्ग म्हणजे ठामपणाचे प्रशिक्षण होय.

ठामपणा म्हणजे आक्रमकता नव्हे. समोरच्याचा मान राखून आपली गरज, नकार वा तक्रार स्पष्ट शब्दांत सांगणे म्हणजे ठामपणा. या पद्धतीची पायाभरणी अँड्र्यू सॉल्टर (१९४९) व जोसेफ वोल्पे (१९५८) यांच्या लेखनात झाली. भीती आणि ठाम अभिव्यक्ती एकाच वेळी नांदू शकत नाहीत, हे वोल्पे यांचे सूत्र होते. १९७० च्या दशकात रिचर्ड आयस्लर, मिशेल हर्सन आदी मानसशास्त्रज्ञांनी रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांसाठी या पद्धतीचा वापर केला. नजरेला नजर देणे, आवाजाची पातळी, उत्तरास लागणारा वेळ अशा घटकांत त्यांनी ठामपणाची विभागणी केली. त्यामुळे तो मोजता आणि शिकवता येऊ लागला.

प्रशिक्षण साधारणतः छोट्या गटात दिले जाते. 'डॉक्टर, या गोळीने हात थरथरतात, मात्रा कमी करता येईल का?' असा एखादा प्रसंग निवडला जातो. प्रशिक्षक तो आधी करून दाखवतो, रुग्ण त्याची तालीम करतो आणि गट त्यावर प्रतिक्रिया देतो. पुढे वॉर्डात त्याचा प्रत्यक्ष सराव होतो. आजाराची तीव्र अवस्था ओसरल्यावरच हे शिकवणे योग्य. तसेच ते औषधांना पूरक आहे, पर्याय नव्हे.

खरी कसोटी वर्गाबाहेर लागते. वर्गातील कौशल्य वॉर्डात आपोआप उतरत नाही. रुग्णाने प्रथमच 'नको' म्हटले आणि त्याची नोंद 'असहकार' अशी झाली, तर तो पुन्हा गप्प होतो. म्हणून परिचारिका व कर्मचाऱ्यांनाही या उपक्रमात सहभागी करून घेणे अत्यावश्यक ठरते.

भारतात २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मुळे या विषयाला कायदेशीर परिमाण लाभले आहे. सेवेतील त्रुटींविषयी तक्रार करणे, इच्छा असल्यास स्वतःचे कपडे वापरणे, केलेल्या कामाचा मोबदला मिळणे आणि भावी उपचारांविषयी आगाऊ निर्देश देणे हे रुग्णांचे हक्क कायद्याने मान्य केले आहेत. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांनाही तो लागू आहे. मात्र वर्षानुवर्षे मागण्याची सवयच सुटलेल्या व्यक्तीला हक्काची केवळ माहिती देऊन भागत नाही. तो उच्चारण्याचा सराव आणि ऐकून घेणारा माणूस, या दोन्ही गोष्टी तिला मिळाव्या लागतात.