दुकानात न आलेला बाण

१९७७ सालचा नाताळ. ‘स्टार वॉर्स’नं अमेरिकेतली मुलं वेडावली होती, आणि सिनसिनाटीच्या केनर कंपनीकडे बाहुल्याच तयार नव्हत्या! मग कंपनीनं काय करावं? जवळजवळ रिकामा खोका विकला. आतलं प्रमाणपत्र टपालानं पाठवायचं, चार बाहुल्या पुढच्या वर्षी घरपोच. आईबापांनी तोही घेतला.

१९७९मध्ये केनरनं बोबा फेट या नव्या पात्राची जाहिरात केली. चार बाहुल्यांच्या वेष्टनांवरचे खरेदीचे पुरावे कापून पाठवा, हा मिळवा. उंची जेमतेम पावणेचार इंच, पण पाठीवरचा अग्निबाण खरोखर उडणारा. पोरांना आणखी काय हवं!

पण त्याच सुमारास दुसऱ्या कंपनीच्या खेळण्यातला असाच बाण घशात अडकून एक मूल दगावलं. केनरनं धसका घेतला. मुलांच्या घरी पोचलेल्या बोबा फेटचा बाण पाठीला पक्का जोडलेला होता. किती जणांचा हिरमोड झाला असेल!

उडत्या बाणाचे मोजके नमुने मात्र मागे उरले. संग्राहक आज जिवाचं रान करतात ते त्यांच्यासाठी. त्यातला हातानं रंगवलेला एक २०२४मध्ये लिलावात ५,२५,००० डॉलरला गेला.